कंपनीच्या संशोधन विभागातून डीनच्या खुर्चीपर्यंत: वाट आहे का?

प्रश्न असा आहे. नागपुरातून बी.ई., मग एम.टेक., आणि आता पुण्यात एका कंपनीच्या यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) संशोधन गटात दोन-तीन वर्षांची नोकरी. काम आवडतं, पगार बरा आहे. पण घरच्यांचा आग्रह की पीएच.डी. करून प्राध्यापक व्हावं. पुढे विभागप्रमुख, डीन, नशिबात असेल तर कुलगुरू. कंपनीत संशोधन करत राहिलं तर विद्यापीठाचं दार बंद होतं का, आणि पुढे नेतृत्वाच्या पदावर जायचं असेल तर आत्ताच कॉलेजात शिरावं का, असं विचारलंय. आई-वडील नागपुरात आहेत, म्हणून कधीतरी परत यायचंय, हीही त्यातली एक बाजू.

माझी अर्धी नोकरी बंगळुरूच्या एका औद्योगिक संशोधन विभागात गेली आणि उरलेली इथे नागपुरात, आधी प्राध्यापक आणि मग विभागप्रमुख व डीन म्हणून. दोन्हीकडचं पाणी प्यायलोय, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

दार बंद होत नाही. मात्र ते उघडं राहतं दोन गोष्टींवर: तुमच्या नावाने छापून आलेलं काम, आणि तुमच्या हाताखाली तयार झालेली माणसं. बाकी कंपनीतलं पदनाम, टीमचा आकार, वार्षिक मूल्यांकनातले शेरे, यांतलं काहीही निवड समितीच्या टेबलावर चालत नाही. ‘प्रिन्सिपल सायंटिस्ट’ म्हणजे नेमकं कोण, हे समितीतल्या पाचांपैकी चौघांना ठाऊक नसतं आणि पाचव्याला सांगायची इच्छा नसते.

या वाटेवरचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण मला मारिया क्लावे यांचं वाटतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातून १९७७ मध्ये गणितात पीएच.डी. १९८० मध्ये त्या कॅलिफोर्नियात आयबीएमच्या संशोधन प्रयोगशाळेत गेल्या आणि आठ वर्षं तिथे राहिल्या. १९८८ मध्ये तिथून निघाल्या त्या थेट ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात संगणकशास्त्राच्या विभागप्रमुख म्हणून. पुढे तिथेच विज्ञान शाखेच्या डीन, २००३ मध्ये प्रिन्स्टनला अभियांत्रिकीच्या डीन, आणि २००६ ते २०२३ कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजच्या अध्यक्ष. कंपनीतून आलेल्या माणसाला विद्यापीठाने पहिल्याच दिवशी विभाग सोपवला, हे आपल्याकडे ऐकलं की लोक वशिला शोधायला लागतात. तिथे आयबीएममध्ये असताना त्यांनी काय केलं होतं ते पाहा.

१९८७ चा एक लेख आहे, पाच जणांनी मिळून लिहिलेला. पाचांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्यातल्या पद्धतीला ‘स्मॉक’ म्हणतात. समजा, हजार ओळी आणि हजार स्तंभांचा आकड्यांचा तक्ता आहे आणि प्रत्येक ओळीतला सर्वांत मोठा आकडा शोधायचाय. सरळ हिशेबाने दहा लाख घरं पाहावी लागतील. पण तक्त्याची ठेवण अशी असेल की एकेक ओळ खाली उतरताना मोठ्या आकड्याची जागा कधी डावीकडे सरकत नाही, आणि तक्त्यातून काही ओळी-स्तंभ निवडून केलेल्या कुठल्याही छोट्या तक्त्यालाही हेच लागू पडतं, तर बहुतेक घरं न बघताच बाद करता येतात. काम काही हजार तुलनांत उरकतं. बहिर्वक्र बहुभुजाकृतीच्या प्रत्येक कोपऱ्यापासून सगळ्यांत दूरचा कोपरा कोणता, हा भूमितीतला प्रश्न यातून झटक्यात सुटतो. याच पाचांतले अलोक अगरवाल यांनी पुढे १९९८ मध्ये दिल्ली आयआयटीच्या आवारात आयबीएमची भारतातली संशोधन प्रयोगशाळा उभी केली. आणखी एक होते पीटर शोर. मोठ्या संख्यांचे अवयव क्वांटम संगणकावर पाडायची त्यांची १९९४ ची रीत आज बँकांच्या सुरक्षावाल्यांची झोप उडवते; ती शोधली तेव्हा तेही बेल लॅब्जमध्ये, म्हणजे कंपनीच्याच संशोधन विभागात होते.

सांगायचा मुद्दा, या लेखात विकायचं असं काही नाही. तरी आयबीएमसारख्या कंपनीने तो छापू दिला, आणि क्लावे यांनी तिथे गणितज्ञांचा गट चालवला, नवीन माणसं निवडली. विद्यापीठाला हवा असलेला दोन्ही प्रकारचा पुरावा त्यांच्या हातात होता. त्यांना पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागली नाही.

उलट दिशेनेही माणसं जातात. जॅनेट विंग अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात विभागप्रमुख होत्या, मग मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाच्या उपाध्यक्ष झाल्या, २०१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात डेटा सायन्स संस्थेच्या संचालक म्हणून परतल्या. जॉन हेनेसी स्टॅनफर्डमधून काही काळ बाहेर पडले, १९८४ मध्ये मिप्स ही चिप बनवणारी कंपनी काढण्यात हातभार लावला, परत आले, आणि २००० ते २०१६ त्या विद्यापीठाचे अध्यक्ष राहिले. आपल्याकडचं नाव हवं असेल तर मथाई जोसेफ: मुंबईची टीआयएफआर ही मूलभूत संशोधनाची संस्था, मग इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात प्राध्यापकी, मग पुण्याला टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्राची धुरा. ही संस्था १९८१ ची. त्या काळात सॉफ्टवेअरच्या संशोधनावर देशी कंपनीने पैसा घालायचा म्हणजे लोकांना चैन वाटायची.

आता आपल्या नियमांकडे येऊ, कारण इथेच बहुतेकांचं अडतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत थेट प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., किमान १० संशोधनलेख, १२० संशोधन गुण, आणि १० वर्षांचा अध्यापनाचा किंवा विद्यापीठातल्या वा राष्ट्रीय संस्थेतल्या त्या तोडीच्या संशोधनाचा अनुभव लागतो. अनुभवात संशोधन मोजलं जातं, पण कंपनीतलं संशोधन आपोआप त्यात धरलं जात नाही. शिवाय त्याच कलमात पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला यशस्वी मार्गदर्शन केल्याचा पुरावाही मागितलाय, आणि तिथे भलेभले गारद होतात. वीस पेटंटं असतात, विद्यार्थी एकही नसतो. उद्योगातल्या असाधारण कामगिरीच्या माणसांसाठी वेगळा पर्याय नियमात आहे, पण ‘असाधारण’ कोण हे समिती ठरवते, त्यामुळे त्याच्या भरवशावर आयुष्याचा बेत आखू नका. अभियांत्रिकी कॉलेजांना तंत्रशिक्षण परिषदेचे निकष लागतात, त्यांचाही रोख असाच.

२०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नावाची सोय आहे. किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, पीएच.डी.ची अट नाही, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशी माणसं घेता येतात, आणि मुदत तीन वर्षं, फार तर चौथं. वर्गात नवं वारं यायला हे चांगलं. पण ही मुदतीची नेमणूक आहे, नेतृत्वाच्या शिडीची पायरी नव्हे, हे घरच्यांनाही समजावून सांगा.

कुलगुरूपदाचं विचारलंय म्हणून: १० वर्षं प्राध्यापक असावं लागतं, किंवा नामवंत संशोधन वा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेत १० वर्षं आणि शैक्षणिक नेतृत्वाचा पुरावा. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे मुदत पाच वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं, यांतलं जे आधी येईल ते, आणि पुन्हा नेमणूक नाही. पंचविशी-तिशीत याचा विचार करणं म्हणजे बाजारात तुरी. सोडून द्या.

त्यापेक्षा आत्ता काय करायचं ते बघा. कंपनीत असाल तर तीन गोष्टी तपासा. पहिली, तुमचा गट लेख छापू देतो का. नियुक्तीपत्रात काहीही लिहिलेलं असो, गटातल्या माणसांची गेल्या चार वर्षांतली नावं परिषदांच्या यादीत शोधा, दहा मिनिटांत खरं काय ते कळतं. छापण्याआधी पेटंटवाल्यांची आणि कायदा विभागाची मंजुरी लागते, त्यात महिने जातात, आणि परिषदेची तारीख कोणासाठी थांबत नाही. सरावलेला माणूस प्रयोग अर्धवट असतानाच मंजुरीचा अर्ज टाकून मोकळा होतो. दुसरी, आयआयटी-एनआयटीतल्या विद्यार्थ्याचे सह-मार्गदर्शक म्हणून काम करू देतात का. देत असतील तर ताबडतोब करा; वर म्हटलेला पुरावा तयार व्हायला पाच-सहा वर्षं लागतात आणि ती घाईने कापता येत नाहीत. तिसरी, सोडून गेल्यावर काय घेऊन जाता येतं. नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करू नये, अशी अट आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही, पण गुप्ततेची अट टिकते. त्यामुळे कंपनीचा डेटा, कोड, अगदी प्रयोगांच्या नोंदीही तिथेच राहतात. बरोबर येतं ते फक्त छापलेलं.

आणि कंपनीची लॅब कायमची असते असं समजू नका. मायक्रोसॉफ्टने आपली सिलिकॉन व्हॅलीतली संशोधन प्रयोगशाळा सप्टेंबर २०१४ मध्ये एका झटक्यात बंद केली. तिथली माणसं जगातली अव्वल होती. त्यांना विद्यापीठांनी उचललं, कारण त्यांचं काम उघड्यावर होतं. ज्यांचं काम फक्त कंपनीच्या आतल्या अहवालांत असतं, त्यांच्यासाठी अशी सकाळ फार जड जाते.

पीएच.डी. नाही ही तुमची खरी अडचण आहे. नोकरी सांभाळून बाहेरून नोंदणी करता येते, आणि घरच्यांना तेच सोयीचं वाटतं. माझं मत उलट आहे. पूर्णवेळ करा. पंतप्रधान संशोधन फेलोशिप २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन वर्षांसाठी महिना ७०,००० रुपये होते. अशी फेलोशिप मिळाली तर पुण्याच्या पगाराच्या मानाने तोटा होतो, पण उपासमार होत नाही. मन होत नसेल तर आधी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये, २००५ पासूनच्या त्या लॅबमध्ये, वर्ष-दोन वर्षांची रिसर्च फेलो म्हणून जागा असते, तिथे प्रयत्न करा. संशोधन आपल्याला मानवतं की फक्त त्याची ऐट मानवते, हे तिथे कळून चुकतं.

आता नेतृत्वाबद्दल, कारण त्याची कल्पना बाहेर फार चुकीची आहे. लोकांना वाटतं, चांगलं संशोधन केलं की बक्षीस म्हणून डीनपद. ते बक्षीस नव्हे, वेगळंच काम आहे, आणि त्यात अल्गोरिदम फारसा नाही. कागदी घोडे नाचवणं तर रोजचंच: अभ्यासक्रमाच्या मान्यतेसाठी एनबीएची फाईल, कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकचा अहवाल, प्रत्येक विषयाच्या प्रत्येक उद्दिष्टाची टक्केवारी. ते सांगत बसत नाही. एकच काम जवळून दाखवतो.

सरकारी अनुदानातून विभागासाठी जीपीयू सर्व्हर, म्हणजे यंत्रशिक्षणाचे मोठे हिशेब झपाट्याने करणाऱ्या कार्डांचा संगणक, घ्यायचाय. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून, आणि सगळ्यांत कमी दरवाल्याला, एल-१ ला, ऑर्डर जाणार. निविदेत ‘आठ जीपीयू, ५१२ जीबी मेमरी’ एवढंच लिहिलं की पुरवठादार गेम खेळायची कार्डं बसवून देतो, आणि अटींप्रमाणे तो शंभर टक्के बरोबर असतो. म्हणून प्रत्येक कार्डाची स्वतःची मेमरी किती, कार्डं आपसात कोणत्या वेगाने जोडलेली, बिघडलेलं कार्ड किती दिवसांत बदलणार, हे आधी लिहावं लागतं. तेही असं की एकाच कंपनीचा माल डोळ्यांपुढे ठेवून अटी लिहिल्या, असा आक्षेप येऊ नये. यंत्र येतं तेव्हा पुढचा प्रश्न. आठ कार्डांचा दमदार सर्व्हर पूर्ण भारावर सहा किलोवॉटच्या पुढे वीज खातो, आणि ती सगळी उष्णता होऊन खोलीत उतरते. म्हणजे जवळपास दोन टनांचा एसी एकट्या त्याच्यासाठी, रात्रंदिवस, आणि तो बंद पडला तर दुसरा तयार. नागपूरचा मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत. एसीसुद्धा त्या उन्हात नेहमीएवढा गार करत नाही. वायरिंग जुनं, यूपीएस कमी क्षमतेचा, आणि बांधकाम विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला हे यंत्र आल्याचं सर्वांत शेवटी कळलेलं. तोवर सर्व्हर खोक्यात आणि त्यावर काम करायचं असलेल्या विद्यार्थिनीचा प्रबंध अडकलेला. विद्युत विभागाचा माणूस, लेखाधिकारी, पुरवठादार आणि ते यंत्र वापरणारी प्राध्यापक, या चौघांना ऑर्डर जाण्याआधी एका टेबलाशी बसवणं, हे डीनचं काम. हे जमणारा माणूस उत्तम डीन होतो. त्याचे लेख किती, याच्याशी फार संबंध नाही.

कंपनीतून आलेल्यांना इथे एक फायदा असतो. वेळेवर, ठरलेल्या पैशांत, चार विभागांना धरून काम पूर्ण करायची सवय असते. आणि एक अडचणही: हुकूम चालतो या समजुतीत ते येतात. प्राध्यापकाला हुकूम चालत नाही. त्याची नोकरी तुमच्या शेऱ्यावर नाही, आणि नसावीच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या साहेबांना विभाग पहिल्या सत्रातच ओळखतो, आणि मग बैठकीत सगळे ‘हो सर’ म्हणतात आणि बाहेर काहीच हलत नाही.

हार्वी मडची गोष्ट याच संदर्भात मोलाची आहे. तिथे २००५-०६ च्या सुमारास संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली जेमतेम दहा टक्के होत्या. काही वर्षांत ते प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास गेलं. श्रेय सर्रास क्लावे यांना दिलं जातं, पण अभ्यासक्रम बदलला तो विभागातल्या प्राध्यापकांनी. पहिल्या वर्षाचा विषय जावाऐवजी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत शिकवायला घेतला. आधी प्रोग्रॅमिंग केलेले आणि कधीच न केलेले, अशा वेगळ्या तुकड्या केल्या. पहिल्या वर्षाच्या मुलींना संगणकक्षेत्रातल्या स्त्रियांच्या परिषदेला नेलं, आणि पहिल्या वर्षानंतरच्याच सुट्टीत संशोधनाचं काम दिलं. अध्यक्षांनी काय केलं? पैसा उभा केला, पाठीशी उभ्या राहिल्या, आणि बाहेर जाऊन ती गोष्ट सांगत राहिल्या. नेतृत्व म्हणतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं, आणि तेवढं करणारेही कमी.

हे नागपूरला किती लागू पडतं ते वर्गात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या बाकावर सीबीएसईत अकरावीपासून पायथन केलेला पोरगा, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देणारा. मागे गडचिरोली किंवा गोंदियाकडून आलेली मुलगी, बारावीला गणितात त्याच्याहून जास्त गुण, पण कीबोर्डला हात पहिल्यांदा लावलेला. तीन आठवडे ती त्या पोराकडे बघते आणि ठरवते की हे आपलं काम नव्हे. दोघांना वेगळ्या तुकडीत बसवायला नवीन इमारत लागत नाही, वेळापत्रक बदलावं लागतं. आणि वेळापत्रक बदलणं म्हणजे काय युद्ध असतं, हे ज्याने विभाग चालवलाय त्यालाच विचारा.

आपल्या भागातलं नाव राहून जायला नको. डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, इथल्याच व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत शिकलेले. केरळात केल्ट्रॉन या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम, १९८८ मध्ये सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची उभारणी, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक. पुढे दिल्ली आयआयटीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष आणि २०१७ मध्ये नालंदा विद्यापीठाचे कुलपती. त्यांची वाट लेखांच्या यादीतून गेली नाही, देशासाठी एक यंत्र मुदतीत उभं करून दाखवण्यातून गेली. पण अशी संधी पिढीत एखाद्याला येते. आणि कुलपती हे मानाचं पद असतं, रोजचा कारभार कुलगुरूंकडे. घरच्यांच्या बोलण्यात या दोघांची गल्लत होतेय असं प्रश्नावरून वाटतं.

पैशाचं एकदाच सांगून टाकतो. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, कुलगुरूंचं २,१०,०००. व्हीएनआयटीसारख्या केंद्रीय संस्थेत आयोगाप्रमाणे वेतन खरोखर मिळतं. विनाअनुदानित कॉलेजांत पुष्कळदा कागदावर सातवा आयोग असतो आणि खात्यात भलताच आकडा, तोही दोन-तीन महिने उशिरा. रुजू होण्याआधी तिथल्या तरुण शिक्षकांशी कॅन्टीनमध्ये बोला, कार्यालयात नको.

राहिलं नागपूरला परतणं. पूर्वी इथे संगणकातल्या संशोधनाला जागा म्हणजे व्हीआरसीई आणि विद्यापीठाचा विभाग. आता व्हीएनआयटी आहे, बुटीबोरीजवळ वारंग्याला २०१६ ची ट्रिपल आयटी आहे, तिचा एक उद्योगभागीदार टीसीएस. पण मला विचाराल तर नागपूरचं खरं धन संगणकाच्या इमारतींबाहेर आहे. नीरी ही पर्यावरण संशोधनाची संस्था १९५८ पासून इथे आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून, शिवाय लिंबूवर्गीय फळांची संस्था आणि मृदा सर्वेक्षणवाले. हवेच्या आणि पाण्याच्या नोंदी, बोंडअळीचे फोटो, मातीचे नकाशे, असा खजिना बंगळुरूच्या कुठल्या लॅबच्या शेजारी पडलेला नाही. यंत्रशिक्षणात पीएच.डी. करताना यातला एखादा प्रश्न हाताशी धरलात तर परत यायचं कारण तुमच्याकडे आधीच असेल, आणि निवड समितीला सांगायलाही काहीतरी असेल.

सुरुवात मात्र नोकरीच्या अर्जाने करू नका. इथल्या एखाद्या विभागप्रमुखांना एक पानाचं पत्र लिहा: मी अमुक विषयात काम करतो किंवा करते, शनिवारी ऑनलाइन एक क्रेडिटचा विषय शिकवू शकतो, एम.टेक.च्या एखाद्या विद्यार्थ्याचा प्रकल्प बरोबरीने बघू शकतो. मानधन विचारू नका, फारसं नसतंच. कंपनीची लेखी परवानगी आधी काढून ठेवा. पत्र जुलैत किंवा डिसेंबरच्या शेवटी पाठवा, सत्र सुरू होण्याच्या तोंडावर. एप्रिल-मेमध्ये पाठवलंत तर परीक्षा, निकाल आणि प्रवेश यांच्या ढिगाखाली ते दिवाळीपर्यंत सापडायचं नाही.